लाल धाग्याखाली

माठवाल्या बाईनं शेवटी हात जोडले. "बाबूजी, घ्यायचा हाय का फोडायचा हाय?"

मी सहावा माठ ठोकून पाहत होतो. डाव्या हातावर माठ तोलायचा, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पोटावर टकटक करायची आणि कान जवळ न्यायचा. नीट भाजलेला, अखंड माठ टणकन बोलतो. केसाएवढी चीर असली तरी थप्प म्हणतो आणि गप्प बसतो. लहानपणी आईचं बोट धरून महाल या आमच्या वस्तीतल्या बाजारात शिकलेली विद्या आहे ही. आता त्या बाईला काय सांगू, की तिसऱ्याच माठाला मला हवा तो आवाज मिळाला होता, आणि तरी मी ठोकतच राहिलो होतो? या दिवसांत माझा माझ्या कानांवर भरवसा राहत नाही.

नागपूरचा मे महिना. कूलरमध्ये नवं गवत भरलेलं असतं, त्याचा ओला वास गल्लीभर पसरतो. रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागतात. बारा वाजले की डोक्याला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून माणसं घाईघाईनं घराकडे पळतात. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर आलेला असतो. लोकांना या दिवसांत आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात, लग्नाच्या पंगती आठवतात. मला एक फटफटी आठवते आणि पोटात गोळा येतो. पन्नासेक वर्षं झाली त्याला. बाकी सगळं उतरलं, केस उतरले, दात उतरले, तो गोळा काही उतरत नाही.

सांगूनच टाकतो, मी मुळातला भित्रा माणूस. पालीला भितो, विजेच्या बटणाला भितो, साहेबाच्या चपराशालाही भ्यायचो. आणि गंमत पाहा, याच भित्रेपणावर माझं तरुणपणी नाव झालं. तेव्हा नवी मोटारसायकल म्हणजे आमच्यासारख्यांनी दुरून पाहायची चीज. मग लोक घेत जुनी, किंवा त्याहून स्वस्त, आपटलेली. पोलीस ठाण्याच्या आवारात पडून राहिलेल्या, अपघातात सापडलेल्या गाड्या लिलावात निघत. भंगारवाले त्या उचलून आणत, ठोकठाक करत, रंग फासत आणि विकत. अशी गाडी घ्यायची तर बरोबर कोणीतरी शंकेखोर माणूस हवा. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो. गाडी मला धड चालवताही येत नव्हती. पण माझ्याइतकी शंका अख्ख्या महालात कोणाला येत नव्हती.

मी खिशात एक छोटा पाना ठेवत असे. त्यानं गाडीचा सांगाडा जागोजागी ठोकायचो, अगदी माठासारखा. पोट्ट्यांनी माझं नावच पाडलं होतं, ठोक्या. "ठोक्याभौ, रविवारी मोकळे हा का? एक गाडी पाहाची हाय." मी जायचो. आधी मागं उभं राहून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का, ते सुतळी ताणून बघायचो. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी मागंपुढं हलवायची. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात टकटक झाली, तर समजायचं की कधीतरी हिनं जोरात तोंड आपटलंय. चाकाच्या ताड्या बोटानं छेडायच्या. पाय ठेवायचं रबर झिजलंय किती आणि मीटर किती मैल दाखवतंय, याचा मेळ घालायचा. नवा रंग दिसला की नखानं खरवडून पाहायचो. रंग हा नेहमी कशावर तरी लावलेला असतो, हो ना?

आणि सगळ्यात पहिलं म्हणजे इंजिनावर तळहात ठेवायचा. गार असलं तर ठीक. कोमट लागलं तर समजावं, शेठनं आपण यायच्या आधी पन्नास लाथा मारून ते जागं करून ठेवलंय. म्हणून आम्ही जुनी गाडी घ्यायची तर थंडीत, सकाळी सकाळी घ्यायचो. मे महिन्यात हात ठेवून काय कळणार? मे महिन्यात नागपुरात दाराची कडीसुद्धा चालू इंजिनासारखी गरम असते.

भंगारवाल्यांच्या त्या गल्लीचा एक रिवाज होता, कोणी शिकवला नव्हता पण सगळे पाळत. गाडीचं काहीही विचारावं, पण तिच्यावर कोण होतं आणि त्याचं काय झालं, हे विचारायचं नाही. विकणारा सांगत नसे, घेणारा विचारत नसे. एकदा एका गाडीच्या बाजूच्या झाकणामागं मला हिरव्या बांगडीचे तुकडे सापडले. मी ते मुठीत घेऊन उभा राहिलो. भंगारवाल्यानं गुपचूप हात पुढं केला, मी तुकडे त्याच्या हातावर ठेवले आणि आम्ही दोघं चेन किती सैल आहे यावर बोलू लागलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण विचारलं मी नाहीच.

त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली. लीलाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलेलं. भाऊजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. बदली झाली उमरेडच्या पुढं, डांबरी सडकेपासून पाच मैल आत असलेल्या एका गावात. दिवसाकाठी एक एस.टी., तीही सडकेवरूनच जाणारी. भाऊजी उंच, देखणे, मिशीला पीळ देणारे. त्यांनी ठरवलं, फटफटी घ्यायची. आणि मेच्या मध्यालाच ठरवलं.

"थंडीत घेऊ ना भाऊजी," मी म्हणालो.

"अन् तोपर्यंत का तुह्या खांद्यावर बसून जाऊ शाळेत?" भाऊजी हसले. "तू हाय ना संग. आमच्या सायाचा कान म्हणजे डॉक्टरची नळी!"

तारीफ कोणत्या साळ्याला आवडत नाही? भित्र्या माणसाला तर फार आवडते, त्याच्या वाट्याला ती कमी येते.

नथ्थूशेठ नावाच्या भंगारवाल्याकडे ती उभी होती. लाल टाकी, टाकीच्या बाजूंना चकचकीत पत्रा, दोन धुराडी. भाऊजींनी तिला पाहिलं आणि संपलं. मुलगी पाहायला गेलेला नवरदेव जसा एकाएकी मुकाट होतो, तसे ते मुकाट झाले. मी माझं काम सुरू केलं. सुतळी ताणली, चाकं सरळ. ब्रेक दाबून हलवली, टकटक नाही. चेन ठीक, ताड्या ठीक. मग पाना काढला. मागून ठोकत ठोकत पुढं आलो. टण. टण. टण. आणि हँडलच्या खाली, जिथं सांगाडा आणि चिमटा एकत्र येतात, गाडीची मान म्हणतात तिथं, थप्प.

मी पुन्हा ठोकलं. थप्प.

तिथं लाल धागा गुंडाळलेला होता. एखादा वेढा नाही, चांगले वीस-पंचवीस वेढे, वर तेल-कुंकू थापून गच्च झालेला. त्यातून एक वाळकं लिंबू लोंबत होतं.

"हा काढा जरा," मी म्हणालो.

नथ्थूशेठनं दोन्ही कानांना हात लावले. "रामराम! असं बोलू नका साहेब. ज्याची गाडी होती त्याच्या मायनं बांधला, देवीच्या पायाचा हाय. थ्या धाग्यानंच पोट्टा वाचला. आपन सोडला अन् उद्या काही झालं, तं कोनावर येईन?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्याकडे पाहिलं.

आता खरं सांगायची वेळ आहे. देवीचा धागा सोडायची मला भीती वाटली, हे खरंच. आमच्याकडे कोणी सोडला नसता, मी कशाला सोडतो? पण तेवढंच नव्हतं. धागा सोडायचा नाही म्हटल्यावर मला आतून बरं वाटलं. खाली काय आहे ते पाहावं लागणार नव्हतं. भाऊजींचा चेहरा पडलेला पाहावा लागणार नव्हता, नथ्थूशेठशी हुज्जत घालावी लागणार नव्हती. मी स्वतःची समजूत घातली, की धाग्यामुळेच आवाज दबतोय. माठाला ओलं फडकं गुंडाळून ठोकला तर तोही थप्पच बोलेल. किती पटण्यासारखं होतं! भित्र्याचं डोकं फार हुशार असतं, पळायची वाट त्याला लगेच दिसते.

"ठीक हाय," मी म्हणालो. "गाडी चांगली हाय."

तीन शब्द. जन्मभर पुरलेत.

रविवारी सकाळी ते आमच्या घरून निघाले. गावात खोली मिळाली होती, सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. लीलाताईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि त्या धाग्याला वाकून नमस्कार केला. मी तिच्यासाठी आदल्या दिवशी माठ आणला होता, अकरा माठ ठोकून निवडलेला. "तिकडचं कसं असते काय माहीत, मले नागपूरचाच माठ पाहिजे," असा तिचा हट्ट. ती मागं एका बाजूला बसली, मांडीवर माठ, माठाभोवती दोन्ही हात. आणि चिंगी, त्यांची तीन वर्षांची पोर, बसली पुढं टाकीवर, भाऊजींच्या दोन हातांच्या मधे. तिच्या इवल्या मुठी हँडलच्या मधोमध. बरोबर त्या मानेच्या वर.

"मामा, भुर्र!" ती म्हणाली.

"सांभाळून जाजा," मी म्हणालो. निळा धूर गल्लीच्या वळणावर रेंगाळला. मला वाटलं, किती छान दिसतात तिघं.

रविवार होता म्हणून मी जब्बारचाचांकडे चहा प्यायला गेलो. चाचा गॅस-वेल्डिंग करत. गल्लीतल्या सगळ्या मोडक्या गाड्या त्यांच्या हाताखालून जात. अबोल माणूस. त्या दिवशी मीच मोठेपणानं सांगितलं, की नथ्थूशेठकडची लाल टाकी आमच्या भाऊजींनी घेतली, मी पारखून दिली.

चाचांनी बशी खाली ठेवली. "कौनसी? धागेवाली?"

"हो."

"चलाने को लिया?"

मी हसलो. "मग काय पुजायले?"

चाचा हसले नाहीत. "उसकी गर्दन मैंने जोडी है, दिगंबर. पूरी टूटी थी. पीतल से जोडी, खाली खडी रहने के वास्ते. नथ्थू बोला, इंजन निकालके बेचूंगा, बस ढकेल के ले जाने लायक कर दे." मग हलक्या आवाजात, "तूने ठोक के नहीं देखा?"

 मला फक्त पायातली चप्पल निसटल्याचं आठवतं, आणि तापलेल्या रस्त्यावर एका पायानं अनवाणी धावताना काहीही भाजत नसल्याचं आठवतं. नऊ वाजत आले होते. ते आठला निघाले होते. टेलिफोन कोणाला करणार? गावात शाळेचीच एक खोली होती, तिथं कसला टेलिफोन! स्टँडवर उमरेडची गाडी लागलेली नव्हती. मी चौकशीच्या खिडकीपाशी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा आतला माणूस खेकसला, "अजी, गाडी का मी कडेवर घेऊन येऊ?" मी बाकावर बसलो आणि नखं खाऊ लागलो. बाजूची एक म्हातारी मला न्याहाळत होती. तिनं कनवटीचा कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "खिशात ठेव बाबू, ऊन लागलं तुले." मी तो खरंच खिशात ठेवला.

गाडी सुटली तेव्हा साडेदहा झाले होते. खिडकीच्या गजाला हात लावला की चटका बसायचा, तरी मी गज सोडले नाहीत. सडकेची कड मी एक फूटही नजरेआड होऊ दिली नाही. कुठं चार माणसं गोळा झालेली दिसली की मी सीटवरून उठायचो. एकदा होता टरबूजवाला. एकदा कोणाच्या बैलाचं जू मोडलं होतं. एकदा झाडाखाली एक बाई झोपली होती, लीलाताईसारखंच हिरवं लुगडं. एस.टी. जवळ आली तशी ती उठून बसली. ताई नव्हती. मी रडायला लागलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "कोनी वारलं का गा?" मला "नाही" म्हणवेना. मला ठाऊक नव्हतं ना.

आणि मग एका नाल्याच्या पुलाशी वळणावर, रस्त्याच्या मधोमध, लाल खापरांचा सडा.

"थांबवा! थांबवा!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि सगळी एस.टी. पुढं झुकली. मी उडी मारली. पुलाच्या कठड्याशी धावलो. नाला कोरडा, वीस-पंचवीस फूट खोल. खाली पाहायची हिंमत होईना. मी डोळे मिटून कठड्याला धरून उभा राहिलो, आणि माझ्या मनात काय आलं असेल? "देवा, पोरगी तरी", असं आलं. म्हणजे दोघांना मी मनातल्या मनात देऊनही बसलो होतो. ही गोष्ट मी पन्नास वर्षं कोणाला सांगितली नाही.

डोळे उघडले. खाली दगड होते, वाळकी बेशरमाची झुडपं होती, एक शेळी होती. बाकी काही नव्हतं.

मी खाली बसून एक खापर उचललं. त्याचा बाक माठाचा नव्हता. कवेलू होतं ते, घरावर टाकायचं. कुठल्या तरी ट्रकमधून सांडलेली कवेलं. मी ते खापर छातीशी धरून उन्हात बसून राहिलो. कंडक्टर दारातून ओरडत होता, "ओ भौ! उतराचं हाय का बसाचं हाय? अन् थे कवेलू कायले घेतलं?"

उमरेडला एस.टी. बदलली, पुढं सडकेवर उतरलो. तिथून पाच मैल पायी. दुपारचा एक. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सावली म्हणाल तर माझी माझ्याच पायाखाली. पण त्या पाच मैलांत मला दुचाकीच्या चाकाचा ठसा दिसत होता. धुळीत उमटलेला, एकसलग, नागमोडी. जोवर तो पुढं जातोय तोवर ते जिवंत आहेत. मी मान वर केलीच नाही. कुठं दगडाळ जागेवर ठसा तुटला की माझा श्वास थांबायचा, पुढं धुळीत तो पुन्हा दिसला की सुटायचा. असे पाच मैल.

गावात पहिल्यांदा मला दिसला तो माठ. ओसरीवर, विटांवर ठेवलेला, ओलं फडकं गुंडाळलेला, पाझरत असलेला. मग ताई दिसली, खाली बसून पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होती. मग कडुनिंबाच्या सावलीत स्टँडवर उभी केलेली लाल गाडी दिसली, आणि टाकीवर बसून हँडल डावी-उजवीकडे जोरजोरात वळवणारी चिंगी. "भुर्र! मामा आला! भुर्र!"

मी धावत जाऊन तिला उचललं. इतकं घट्ट धरलं, की ती रडायला लागली.

"अगा बाप्पा!" ताई उठून उभी राहिली. "असा उन्हातान्हात काहून आला रे तू? चप्पल कुठी हाय तुही?"

मी चिंगीला खाली ठेवलं. तिच्या हातातला कैऱ्यांचा चाकू घेतला आणि धागा कापला. एकेक वेढा करकर तुटत होता. ताई किंचाळली, "अरे देवीचा हाय थो! काय करून राहिला तू?" शेवटचा वेढा गळून पडला. खाली पितळेचा पिवळा पट्टा होता, नवरीच्या बोटातल्या अंगठीसारखा चकचकीत. आणि त्याच्या मधून काळी चीर. गोल फिरून जवळजवळ पुरी होत आलेली. मी अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं.

वळून पाहिलं तर भाऊजी दारात उभे होते, बनियनवर, झोपेतून उठलेले. "काय झालं रे सायेबुवा?"

सांगायचं ना तेव्हा! सगळे जिवंत होते, समोर होते. तेवढाच एक क्षण होता. पण सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार होतं, की मी थप्प ऐकलं होतं. मी गाडीपुढं असा उभा राहिलो, की त्यांना चीर दिसू नये. "इंजिनात मोठा घोटाळा हाय भाऊजी," मी म्हणालो. "मले आज कळलं. परत न्या लागते."

"अरे, मस्त आली की आमची! मक्खन!"

"नाही. परत न्या लागते."

दुसऱ्या दिवशी सडकेपर्यंत बैलगाडीत आणि पुढं ट्रकमध्ये घालून मी ती नागपूरला नेली. भाऊजी वेशीपर्यंत आले आणि तिथून परत फिरले. चाचांच्या दुकानात मी स्वतः करवतीनं तिची मान कापली, पुन्हा कोणी जोडू नये म्हणून. कापायला फार वेळ लागला नाही.

भाऊजी तीन वर्षं ते पाच मैल पायी तुडवत राहिले. "सायानं देल्ली, सायानं नेल्ली," असं चारचौघांत म्हणायचे. आधी हसत म्हणायचे, मग न हसता. त्यांना वाटत राहिलं, की मला त्यांचा हेवा वाटला. ते गेले तेही तसंच समजून गेले. मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो शेवटी. तेव्हाही जीभ उचलली नाही. त्यानंतर मी कोणाची गाडी पाहिली नाही. पाना कुठं गेला तेही ठाऊक नाही.

आणि तो धागा? ताईनं त्या दिवशी तो जमिनीवरून उचलला, कपाळाला लावला आणि कुंकवाच्या डबीत ठेवला. तिच्या लेखी हिशेब सरळ होता. या धाग्याचा गुण म्हणून आम्ही बिघडलेल्या गाडीवरून सुखरूप पोचलो. चिंगीला गोवर आला तेव्हा त्यातला दोरा तिच्या मनगटाला. चिंगीच्या बाळंतपणात उशीखाली. मी दर वेळी पाहायचो आणि माझ्या मानेवर काटा यायचा.

गेल्या आठवड्यात चिंगीच्या मुलानं, अथर्वनं, जरीपटक्याहून एक जुनी मोटारसायकल घेऊन ताईच्या अंगणात आणली. तो हुडकेश्वरला राहतो, कॉलेजला जायला पाहिजे म्हणे. "आबा, आजी सांगते तुम्ही एक्स्पर्ट होते. पाहून द्या ना." मी नाही म्हणालो. ताईनं डोळे वटारले. तिच्यापुढं मी आजही सहा वर्षांनी लहान आहे. मी घरातला एक चमचा घेतला आणि सांगाडा ठोकला. मागून पुढं. टण. टण. मानेशी दहा वेळा ठोकलं. टण.

"चांगली हाय," मी म्हणालो, आणि पुन्हा एकदा ठोकलं.

ताई ताम्हन घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ. आणि डबी. डबीतून तिनं तो काळपट पडलेला धागा काढला आणि थेट मानेकडेच हात नेला.

मी तिचं मनगट धरलं. "तिथं नको, ताई."

"काहून?"

त्या 'काहून'ला मी पन्नास वर्षं भ्यालो होतो. अथर्व किल्ली आणायला आत गेला होता. अंगणात आम्ही दोघंच. मी तिला सगळं सांगितलं. चीर सांगितली, चाचा सांगितले, पूल सांगितला, कवेलू सांगितलं.  हातातलं ताम्हन तिनं हळूच पायरीवर ठेवलं.

"चिंगी टाकीवर होती ना रे," एवढंच ती म्हणाली.

"हो."

"अन् तुले आवाज आला होता? घ्याच्या आधी?"

"हो. आला होता."

 मला वाटलं, आता ती मला या घराची पायरी चढू देणार नाही, आणि तसं झालं तर ते बरोबरच आहे. मग तिनं माझा हात उलटा केला, मूठ उघडली आणि तो धागा माझ्या तळहातावर ठेवला.

"मी पन्नास वर्षं याच्या भरवशावर झोपली," ती म्हणाली. "आता तू झोपून पाह्य."

अथर्वनं बटण दाबून गाडी सुरू केली. "हळू जाजो," आम्ही दोघंही एकाच वेळी म्हणालो. तो हात हलवून वळणावर दिसेनासा झाला. आवाज ऐकू येत होता तोवर मी तिथंच उभा होतो. ताई आत गेली नव्हती. तीही माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती.